कार्डवाला घेऊ की साधा?

दुकानातला माल विकला की जातो. किस्सा मात्र जात नाही. गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन जातं, रिकामं खोकं आमच्या माळ्यावर राहतं आणि त्या खोक्याबरोबर एखादी गोष्टही राहते. वर्षा, माझी मुलगी, दर दिवाळीला म्हणते, "आप्पा, माळा रिकामा करायचाय." खोकी भंगारवाला नेतो. गोष्टी कोण नेणार? म्हणून आज तुमच्यापुढे थोड्या उतरवून ठेवतो. बसा निवांत. मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

मी चौथीपर्यंत शिकलेला. सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगमध्ये होतो, तिथेच केस पिकले. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून वर्षाच्या लॅपटॉपच्या दुकानात येऊन बसायला लागलो. सकाळी शटर उघडायचं, काचा पुसायच्या, पिण्याचं पाणी भरायचं, आलेल्याला चहा सांगायचा. आतल्या टेबलावर रफिकभाई दुरुस्ती करतात. वर्षा बोलते, रफिकभाई उघडून बघतात, मी ऐकतो. एवढाच आमचा स्टाफ.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच. बजेट बेताचं आणि समोर दोन लॅपटॉप. एक ग्राफिक्स कार्डवाला, एक साधा. कोणता घेऊ?

मीही एकदा वर्षाला विचारलं होतं, हे काय प्रकरण आहे गं? ती म्हणाली, "आप्पा, स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम प्रत्येक लॅपटॉपला करावंच लागतं. साध्या लॅपटॉपमध्ये ते घरचंच माणूस करतं, घरचीच भांडी वापरून. कार्डवाल्यात त्यासाठी वेगळा आचारी ठेवलेला असतो. तो स्वतःची भांडी घेऊन येतो. लग्नाचा स्वयंपाक असेल तर आचारी हवाच. पण रोजच्या वरणभाताला आचारी ठेवला तर तो नुसता बसून बॅटरी खातो."

"मग आपण आचारीच जास्त का विकत नाही? त्यात सुटतं पण जास्त."

"कारण येणारे लोक वरणभातवाले आहेत, आप्पा!"

वर्षाचा दुकानात एक नियम आहे. तुम्ही जे काम करणार ते पेनड्राइव्हमध्ये घेऊन या, इथे दोन्ही लॅपटॉपवर चालवून बघा आणि मगच घ्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कंपनीचा माल देणारा माणूस एकदा कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय, पाकीट काढतंय आणि तुम्ही त्याला घरी पाठवता?"

वर्षा म्हणाली, "लॅपटॉप घरीच वापरणार आहे ना तो? मग घर बघून येऊ दे!"

* * *

एक गृहस्थ कार्डवाला लॅपटॉप काखेत मारून आले. आमच्याकडचा नव्हता, दुसरीकडून घेतलेला होता. खिशाला दोन पेनं, चेहरा तापलेला.

"याच्यातलं कार्ड काढून द्या."

रफिकभाईंना वाटलं कार्ड बिघडलंय. तर तसं नाही. चिरंजीव बारावीला, आणि दिवसभर गेम खेळतात. कुणीतरी यांना सांगितलं होतं की कार्ड असल्यामुळेच गेम चालतात.

रफिकभाई म्हणाले, "साहेब, ते बोर्डालाच डाग देऊन बसवलेलं असतं. काढता येत नाही."

"बसवता येतं आणि काढता येत नाही?"

वर्षा म्हणाली, "काका, भाजीत मीठ पडलंय. आता मीठ काढून द्या म्हणू नका."

गृहस्थ थोडे शांत झाले. चहा घेतला. मग म्हणाले, "बरं, मग हा घ्या आणि साधा द्या. वरचे पैसेसुद्धा मागत नाही."

"काका, साध्यावरही गेम चालतात. जरा हळू चालतात इतकंच."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे तोच गेम संपवायला त्याला जास्त वेळ लागेल."

गृहस्थांनी लॅपटॉप होता तसा काखेत मारला. "राहू द्या. फास्टच बरा!"

* * *

मखमलाबादकडून दोघी आल्या होत्या, सासू आणि सून. सासू पार्वताबाई, सून कविता. यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माल फुलबाजारात दोघीच विकायच्या. कविताचा लग्नाआधी डिप्लोमा झालेला. मग लग्न, मग मूल, मग मधली वर्षं तशीच गेली. आता तिने सातपूरला साचे डिझाइन करायचा क्लास पुरा केला होता. प्लास्टिकची वस्तू ज्या लोखंडी साच्यातून निघते, तो साचा आधी कॉम्प्युटरवर बनवायचा. ते हे काम.

नोकरीसाठी तिने बरेच अर्ज केले, पण मध्ये गॅप पडला म्हणून कुणी बोलवत नव्हतं. अंबडच्या एका छोट्या ऑफिसातल्या साहेबांनी तेवढं बोलावलं. महिन्याभराने परीक्षा घेणार होते. अट एकच. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, परीक्षेलाही आणि पुढे कामालाही.

पार्वताबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "आमच्या झेंडूला काय कार्ड लागत नाय. हिच्या साच्याला लागतं म्हणे!"

कविताने पेनड्राइव्ह काढून दिला. नियम तिला कुणी सांगायच्या आधीच ती काम घेऊन आली होती! वर्षाने माझ्याकडे बघितलं. तिला असं गिऱ्हाईक आवडतं.

कार्डवाल्यावर साचा उघडला. कविताने माऊस हलवला की तो भोवऱ्यासारखा फिरायचा. मग तोच साचा साध्यावर उघडला. थोडा फिरला, अडकला, पुन्हा थोडा फिरला. माल भरलेली रिक्षा चढावर जाते तसं.

पार्वताबाई पुढे वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यो दमला!"

वर्षाने दोन्हींची किंमत सांगितली. पार्वताबाईंनी कमरेची पिशवी चाचपली, उघडली मात्र नाही.

"ताई, माझ्याकडं दमणाऱ्याचेच पैसे हायेत."

आता सून रडणार किंवा रुसणार, असं मला वाटलं. कविताने खुर्ची पुढे ओढली आणि वर्षाला म्हणाली, "ताई, हा नेमका कुठे दमतो ते मला बघायचंय. बाजार उरकला की रोज थोडा वेळ इथे बसू का?"

"बस की," वर्षा म्हणाली.

* * *

सटाण्याकडचा एक मुलगा कॉमर्सला होता. होस्टेलवर राहायचा. त्याचं काम हिशोबाचं, फार तर एखादा सिनेमा. वर्षाने त्याला साधाच दिला. उरलेल्या पैशात रॅम वाढवून दिली. पोरगं खूश झालं, पण जाईना. वर्षा फोनवर बोलायला लागली तसं माझ्याजवळ आलं.

"बाबा, एक काम होतं."

"बोल ना बाळा."

"त्या कार्डवाल्यावर स्टिकर असतं ना चमकणारं... तेवढं मिळेल का?"

"स्टिकर कशाला?"

"होस्टेलची पोरं हसतील. सगळ्यांकडे कार्डवाले आहेत."

मी वर्षाकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि फोनवर जरा मोठ्याने बोलायला लागली. रफिकभाईंच्या टेबलाखाली मेलेला एक लॅपटॉप पडला होता. त्याचं स्टिकर मी नखाने हळूच सोडवलं आणि पोराच्या हातावर ठेवलं. नवी सोन्याची अंगठी जपावी तसं त्याने ते वहीत जपून ठेवलं.

पंधरवड्यात परत हजर!

"बाबा, ते स्टिकर काढून द्या. फार घट्ट बसलंय."

"का रे? हसली का पोरं?"

"हसत नाहीत ओ! गेम टाकायला सगळी माझ्याच खोलीत येतात!"

* * *

पंचवटीतले एक गुरुजी ऑनलाइन पूजा सांगतात. यजमान कुठे पुण्याला, कुठे परदेशात. गुरुजी इथे मंत्र म्हणणार, ते तिथे पाणी सोडणार. गुरुजींची तक्रार अशी की चित्र अडकतं. ऐन संकल्पाला अडकतं! यजमानाने गोत्र सांगायचं आणि त्याच वेळी त्याचं तोंड उघडं राहायचं.

"मला कार्डवाला द्या," गुरुजी म्हणाले. "पैशाचा प्रश्न नाही."

पैशाचा प्रश्न नाही म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या दुकानात वर्षातून एखादं येतं. मला वाटलं, आता तरी वर्षा विकेल. पण ती म्हणाली, "गुरुजी, लॅपटॉप इथे आणा बरं." आणला. इथल्या नेटवर व्हिडिओ अगदी छान चालला.

"घरी नेटचं यंत्र कुठे ठेवलंय?"

"देवघरात."

"देवघरात?"

"नवीन वस्तू आधी देवापुढेच ठेवायची ना! हळदकुंकू वाहिलं, आणि मग तिथेच राहिलं."

"आणि देवघराच्या पुढे काय आहे?"

गुरुजींनी डोळे मिटून आठवलं. "लोखंडी कपाट. आणि त्याच्यापुढे पूजेच्या तांब्याच्या घागरी."

वर्षाने काहीच विकलं नाही. फक्त यंत्र बाहेरच्या खोलीत न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. आवाज अगदी मोकळा.

"ताई, आता चित्र स्वच्छ येतं हो! फक्त एक पंचाईत झालीय. यजमान काय काय मांडायला विसरलेत, तेही स्वच्छ दिसतं!"

* * *

हा किस्सा अगदी लहान आहे. लग्नाचे व्हिडिओ बनवणारा एक जण होता. त्याला कार्डवाला लागतोच, आणि आम्ही दिलाही. आठ दिवसांनी भांडायला आला. "कार्ड झोपलंय. साध्यासारखाच चालतो."

रफिकभाईंनी लॅपटॉप लावला, तर सुसाट! त्यांनी विचारलं, "भाई, तुम्ही काम कुठे करता?"

"गाडीत. लग्नाहून येताना. पोचेपर्यंत निम्मं काम उरकतं."

"चार्जर लावून?"

"गाडीत कुठला चार्जर?"

रफिकभाई चष्मा काढून म्हणाले, "आचारी आणलात, आणि गॅस घरी ठेवून आलात!"

* * *

कविता रोज यायची. फुलबाजार उरकून, हातपाय धुऊन, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. हाताला शेवंतीचा वास असायचा. मी चहा ठेवायचो, तो गार व्हायचा. मी पुन्हा गरम सांगायचो, तोही गार व्हायचा.

तिचा शोध चालू होता. सगळा साचा एकदम डोळ्यापुढे घेतला की साधा लॅपटॉप दमतो. मग तिने नको ते भाग लपवून बघितले. जो भाग दुरुस्त करायचा तेवढाच पुढे ठेवायचा, बाकी झाकायचे. तसं केलं की रिक्षा चढ चढायची. वर्षाने त्यात रॅमची दुसरी पट्टी टाकून बघितली. म्हणाली, "घरचीच भांडी वापरतो ना हा? मग भांडी वाढवू या." चढ आणखी सोपा झाला. कार्डवाल्यासारखं नाही, पण झाला.

पार्वताबाई तोवर माझ्याशेजारी पायरीवर बसायच्या.

"आप्पा, हिला लागंल का ते काम?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं."

"मला बी कळत नाय. पण लेकरू झोपलं की ही कागदावर साचे काढीत बसती. तव्यावर भाकरी करपती, हिला वास येत नाय."

"मग तुम्ही बोलत नाही?"

"बोलते की! लय बोलते. पण करपलेली मीच खाते."

परीक्षेच्या आधी एक दिवस कविता जरा गरम होऊन आली. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, साध्या लॅपटॉपवर जाऊ नकोस, उगाच तोंडघशी पडशील, पुढच्या वर्षी कार्डवाला घेऊन बघ.

"मग तू काय म्हणालीस?" वर्षाने विचारलं.

"मी विचारलं, सर, मला साचा येत नाही का? ते म्हणाले, तसं नाही, येतो. म्हटलं, मग झालं, लॅपटॉपचं मी बघते."

त्याच दिवशी त्यांनी साधा घेतला, दोन पट्ट्यांचा. पार्वताबाईंनी पैसे दिले, खोक्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि खोक्यालाच बोलल्या, "दम रे बाबा, पण बसू नको!"

* * *

मध्येच हा निफाडचा सांगतो, नाहीतर राहून जाईल.

द्राक्षाचे एक बागायतदार, त्यांना सगळे दादा म्हणतात. मुलगी इंजिनिअरिंगला, तिला कार्डवाला खरंच हवा होता आणि दादांनी घेऊनही दिला. सुट्टीत मुलगी घरी आली, लॅपटॉप बॅगेत महिनाभर पडून राहिला. उघडला तर बंद! दादा स्वतः घेऊन आले.

रफिकभाईंनी मागचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं. आतल्या तांब्यावर काळसर थर चढला होता. "दादा, याला फटाक्यासारखा वास का येतोय? बॅगेत काय होतं?"

"काय नाय. लॅपटॉपच होता."

"अजून काही?"

"कागद होता फक्त. आपला पेटीतला."

तुम्हाला ठाऊक असेल, निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीत एक औषधी कागद टाकतात. त्याला ओल लागली की त्यातून गंधकाची वाफ निघते आणि द्राक्षं बुरशीपासून वाचतात. दादांनी तो लॅपटॉपच्या बॅगेत टाकला होता. एक नाही, खाली एक आणि वर एक!

"पोरगी म्हणली, ह्यो कार्डवाला लय गरम होतो, गरमीनं खराब होईल. म्हणलं, आमची द्राक्षं बोटीनं परदेशी जातात, तवर ह्या कागदात टिकतात. लॅपटॉपला काय झालं टिकायला!"

रफिकभाईंनी दोन्ही हात जोडले. "दादा, द्राक्षात तांबं नसतं हो! त्या वाफेनं सगळं तांबं खाल्लं."

मला वाईट वाटलं. मुलीच्या वस्तूची काळजी कुणी आपल्या सगळ्यात चांगल्या मालासारखी घेत असेल, तर त्याला हसावंसं वाटत नाही. रफिकभाई दिवसभर घासत बसले. संध्याकाळी लॅपटॉप चालू झाला.

दादांनी तो हातात घेतला, उलटा करून बारकाईने बघितला आणि विचारलं, "बुरशी तर नव्हती ना लागली?"

"नाही," रफिकभाई म्हणाले.

"मग! कागदानं आपलं काम केलंच की!"

* * *

परीक्षेच्या सकाळी वर्षाने माझ्या खांद्याला एक बॅग अडकवली. आत दुकानातला कार्डवाला लॅपटॉप होता, बघायला ठेवतो तो. एरवी तो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा तिचा नियम. "आप्पा, तुम्ही त्यांच्याबरोबर अंबडला जा. साहेब दुसऱ्याचा लॅपटॉप चालवून घेत असतील आणि ती अडलीच, तर हा पुढे करा. साहेबांना खरं ते सांगा."

वर्षासुद्धा कधीतरी नियम मोडते, हे मला त्या दिवशी कळलं.

बसमध्ये पार्वताबाई खिडकीपाशी, मध्ये कविता, या बाजूला मी. बॅग मांडीवर. ऑफिसच्या जिन्यापाशी पोचल्यावर मी कविताला सांगितलं, बाळ, यात कार्डवाला आहे, लागला तर घे. साहेबांना मी विचारतो.

तिने बॅगेवर हात ठेवला. "आप्पा, उद्या हा दुकानात परत जाणार ना?"

"हो, जाणार."

"मग आज मी याच्यावर पास झाले, तर उद्या काम कशावर करू?"

मी बॅग परत खांद्याला अडकवली. ती जिना चढून गेली.

आत काचेची खोली. कविता आणि आणखी दोन मुलं. मुलांचे लॅपटॉप ताटाएवढे मोठे, मागून लाल उजेड मारणारे. साहेबांना दोन माणसं हवी होती. त्यांनी तिघांना एकच फाइल दिली. टोमॅटो भरतात त्या क्रेटचा साचा. त्यात एक चूक मुद्दाम ठेवलेली, ती शोधायची आणि दुरुस्त करायची. पार्वताबाई आणि मी बाहेर बाकावर. काचेतून सगळं दिसत होतं.

मुलांचे क्रेट लगेच फिरायला लागले. कविताचा लॅपटॉप अजून उघडतच होता. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

"आप्पा, हिचं बंद पडलं का?"

"नाही. उघडतंय."

"लय येळ उघडतंय."

"हो."

उघडलं. तिने माऊस हलवला. क्रेट जरा फिरला आणि मध्येच लटकला. बाजूच्या मुलाने मान वळवून बघितलं. पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. "मी आत जाऊन सांगते साहेबाला."

"काय सांगणार?"

"ते बी ठरवलं नाय अजून."

"बसा बाई. बसा."

माझा हात बॅगेच्या चेनवर गेला होता. कविताने काचेतून एकदा आमच्याकडे बघितलं. तिला माझा हात दिसला असणार. तिने मान हलवली. नको.

मग तिने सोलायला सुरुवात केली. मोठ्या साच्यातला एक भाग झाकला, दुसरा झाकला. कांद्याचे पदर काढावेत तसे एकेक बाजूला गेले. क्रेट नाहीसा झाला, कडा गेल्या, भिंती गेल्या. शेवटी स्क्रीनवर हाताच्या पंजाएवढा एक तुकडा राहिला, आणि तो अगदी हलका फिरायला लागला. ती त्याच्याजवळ वाकली. एक तुकडा बघून झाला की तो झाकायची, दुसरा उघडायची. मुलं उठून गेली तरी ती बसलीच होती. साहेब येऊन तिच्या मागे उभे राहिले. तिला कळलंही नाही.

मग दोघं बाहेर आले. साहेब तरुणच होते. त्यांनी पार्वताबाईंना विचारलं, "तुम्ही आई का?"

"सासू."

"बरं... चूक हिने बरोबर धरलीय. दुरुस्तीही नीट केलीय. एका मुलालाही सापडली. पण हिच्या लॅपटॉपवर अख्खा साचा फिरत नाही. वेळ फार जातो. आमच्याकडे याहून मोठी कामं येतात. कार्डवाला लॅपटॉप लागेल."

कविताने लॅपटॉप छातीशी धरला. पण तिची मान खाली गेली नाही.

पार्वताबाईंनी पदर खोचला.

"लागंल ना? मग घेऊ की! हिच्या पगारातून घेऊ. तवर ही एकेक सोलून करंल, तुम्ही बघितलं आत्ता. कधीपासून पाठवू?"

साहेबांनी कविताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जसं काही मी यातून त्यांना सोडवणार होतो. मी बॅगेकडे बघत राहिलो.

"सोमवारी," साहेब म्हणाले. मग आवाज जरा कडक केला. "पण नऊ म्हणजे नऊ हं! बायकांच्या घरच्या अडचणी असतात, मला उशीर चालणार नाही."

पार्वताबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

"साहेब, आमचा फुलबाजार पहाटे भरतो. नऊ म्हणजे आमची दुपार!"